कॅमेऱ्यामागं कोण आहे?

२५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. पुण्यातलं स्वारगेट एसटी स्थानक. पावणेसहाच्या सुमारास फलटणला निघालेली एक तरुणी गाडीची वाट बघत होती. एका माणसानं तिच्याशी बोलणं काढलं, ताई म्हणाला, तुमची गाडी इथं नाही तिकडं लागलीये म्हणाला, आणि आवारात उभ्या असलेल्या एका शिवशाहीकडं तिला घेऊन गेला. गाडीत अंधार होता. ती थबकली तेव्हा त्यानं सांगितलं की आत प्रवासी झोपलेत, हवं तर टॉर्च लावून बघा. पुढं तिच्यावर अत्याचार झाला, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोलिसांची जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती.

ते दोघं गाडीकडं चालत जातानाचं चित्रण स्थानकातल्या कॅमेऱ्यात सापडलं. वृत्तवाहिन्यांनी ते दिवसभर दाखवलं. मीही पाहिलं, आणि पाहताना सर्वांत जास्त जे लागलं ते हे, की त्या चित्रात वावगं असं काहीच दिसत नाही. एक माणूस पुढं चाललाय, एक बाई त्याच्या मागून चाललीये. एसटी स्टँडवर दिवसातून शेकडो वेळा दिसणारं दृश्य. त्या क्षणी पडद्यासमोर कोणी डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं, तरी त्याला काय कळलं असतं? पण तिथं एखादा वाहक, एखादा कंट्रोलर, एखादा चहावाला उभा असता, तर त्याला एका नजरेत कळलं असतं की ही गाडी फलटणला जाणारी नाही, ही रात्रभर इथंच उभी आहे. त्यानं नुसतं “अहो, तिकडं कुठं?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कॅमेऱ्याचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. त्याच दिवशी माणसाची ओळख पटली. मग शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या उसात ड्रोन आणि श्वानपथकं घेऊन शोध चालला. शेवटी तो तहानेनं कासावीस होऊन एका घरी पाणी मागायला आला, गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं आणि मध्यरात्रीनंतर तो सापडला. ओळख कॅमेऱ्यानं पटवली, माणूस गावानं पकडून दिला. थांबवलं मात्र कोणीच नाही.

कुठलीही अशी घटना घडली की आपल्याकडं पहिली घोषणा कॅमेऱ्यांची होते. दुसरी दिव्यांची. निविदा निघतात, खांब उभे राहतात, उद्घाटनं होतात. मला या दोन्ही गोष्टी हव्या आहेत. रात्री नवानंतर घरी परतणाऱ्या कुठल्याही बाईला त्या हव्याच असतात. पण त्यातून नक्की काय मिळतं हे जाणून घेतल्याशिवाय नुसते खांब मोजत बसलो, तर पुढच्या घटनेनंतर पुन्हा तीच घोषणा ऐकायची वेळ येईल. म्हणून गेले काही महिने या विषयावरचं मिळेल ते वाचत होते.

कॅमेऱ्यांचा सगळ्यांत मोठा प्रयोग ब्रिटननं केला. १९९३ साली लिव्हरपूलजवळच्या बूटलमधल्या एका शॉपिंग सेंटरमधून दोन वर्षांच्या बाळाला दोन मुलं हात धरून घेऊन गेली. ती मुलंही दहाच वर्षांची होती. पुढं त्यांनी त्या बाळाचा जीव घेतला. बाळाला घेऊन जातानाचं धूसर चित्र कॅमेऱ्यात होतं, आणि ते देशभर पाहिलं गेलं. त्या चित्रानं काहीही थांबवलेलं नव्हतं. तरीही त्यानंतर शहराशहरांत कॅमेरे बसवायची लाट आली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश गृहखात्याचा गुन्हे रोखण्यासाठीचा बहुतांश पैसा एकट्या कॅमेऱ्यांवर जात होता. मग २००५ साली त्याच गृहखात्यानं चौदा ठिकाणच्या यंत्रणा तपासून घेतल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यांमुळं गुन्हे ठोस कमी झाल्याचं दिसलंच नाही.

पुढं २०१९ साली जगभरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. कॅमेरे बसवलेल्या भागात गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. आकडा लहान नाही. पण तो कुठून आला हे पाहिलं की गोष्ट उलगडते. वाहनतळांवर घट ३७ टक्क्यांच्या आसपास होती, निवासी भागात १२ टक्के, आणि मारहाण, हल्ले यांसारख्या हिंसक गुन्ह्यांवर म्हणावा असा परिणामच नव्हता. वाहनतळाला आत-बाहेर जायच्या वाटा एक-दोनच असतात. गाडी फोडायला आलेला माणूस थंड डोक्यानं, हिशेब करून येतो. पकडले जाऊ असं वाटलं तर तो दुसरीकडं जातो. दारू पिऊन वैतागलेला, सूड घ्यायला निघालेला किंवा चार पोरांसमोर भाईगिरी दाखवायची म्हणून कोयता नाचवणारा माणूस कुठल्याही हिशेबात नसतो. पुण्यात कोयते घेऊन गाड्यांच्या काचा फोडत जाणाऱ्या टोळक्यांची किती चित्रणं आपण पाहिली. त्यातल्या काहींना तर आपण कॅमेऱ्यात दिसतोय याचंच अप्रूप असतं, पुढं तीच क्लिप स्टेटसला लावून दहशत बसवायची असते.

त्याच छाननीतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. जिथं कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर माणूस बसून खरोखर बघत होता, आणि जिथं कॅमेऱ्याच्या जोडीला आणखी काही केलं होतं, तिथं परिणाम जास्त दिसला. अमेरिकेत न्यूआर्क शहरात एक प्रयोग झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या हाताखाली त्यांच्यासाठीच राखून ठेवलेल्या गस्तीच्या गाड्या दिल्या. पडद्यावर काही खटकलं की नेहमीच्या कंट्रोल रूमच्या रांगेत न थांबता थेट गाडी पाठवायची. तेवढ्या बदलानं त्या भागातले हिंसक गुन्हे कमी झाले. कॅमेरे तेच होते, खांब तेच होते. फक्त बघणाऱ्याला धावून जाणारं माणूस मिळालं.

आमच्या सोसायटीत कॅमेरे आहेत. एका रात्री पार्किंगमधली दुचाकी गेली आणि मी सेक्रेटरींच्या बरोबर बसून चित्रण पाहिलं. पहिली अडचण घड्याळाची. चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे डीव्हीआरचं, घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा चांगलंच मागं पडलेलं, त्यामुळं कुठल्या वेळेचं शोधायचं हेच आधी कळेना. मग फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं तर पडद्यावर पांढरे जाड दोर हलताना दिसत होते. ते कोळ्याचं जाळं होतं. रात्री अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याभोवती बारीक दिवे असतात, आपल्या डोळ्यांना त्यांचा उजेड जाणवत नाही, पण किडे तिकडं येतात, किड्यांमागं कोळी येतो आणि भिंगासमोरच जाळं विणतो. त्या जाळ्यावर उजेड पडून सगळं चित्र पांढरंफटक होतं. त्यातून जे दिसलं ते असं: माकडटोपी घातलेला एक जण येतो, हँडलला झटका देतो, गाडी ढकलत बाहेर नेतो. जाताना समोरून येणाऱ्या मोटारीचा हेडलाइट कॅमेऱ्यावर पडतो आणि नेमक्या त्या क्षणी सगळं पुसलं जातं. वॉचमनकाका त्या वेळी केबिनमध्ये होते, दार लावून, कारण बाहेर डास फोडून काढतात. पेनड्राइव्हवर चित्रण दिलं, तक्रार नोंदवली. गाडी अजून मिळालेली नाही.

ज्यांच्या घरात अशी चोरी झालीये त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. कॅमेरा बसवताना पैसे गोळा होतात, पूजा होते, ग्रुपवर फोटो येतो. नंतर भिंग पुसायला, घड्याळ लावायला, हार्डडिस्क चालू आहे का बघायला माणूस नेमलेला नसतो. पंधरा-वीस दिवसांनी नवीन चित्रण जुन्यावर चढतं. पाहुणे गेल्यावर दागिना नाही हे महिन्याभरानं लक्षात आलं, तर काहीच उरलेलं नसतं. बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रणच गायब असल्याचं समोर आलं, तेव्हा सगळ्या आईबापांच्या पोटात गोळा आला होता. त्या शाळेत पाठवताना त्यांनी कॅमेऱ्यांवरच तर भरवसा ठेवला असेल.

आणि चित्रण मिळालं तरी ते कोर्टात टिकावं लागतं. यावरचा आज प्रमाण मानला जाणारा निकाल आपल्याच जालन्यातल्या निवडणुकीवरून झाला. उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले की नाही, याचा पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण पुढं आलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर ठरावीक प्रमाणपत्र हवंच. नव्या साक्ष कायद्यातही ती अट आहे. आपल्या सोसायटीच्या चित्रणाला असं प्रमाणपत्र कोण देणार, डीव्हीआर कोणाच्या ताब्यात असतो, याचा विचार किती ठिकाणी झालाय?

आता दिव्यांकडं येते.

दिव्यांच्या बाबतीत मला कॅमेऱ्यांपेक्षा जास्त आशा वाटते, आणि त्याला आधारही आहे. न्यूयॉर्कनं २०१६ साली स्वस्त घरांच्या ऐंशीएक सरकारी वसाहती घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून त्यातल्या निम्म्यांमध्ये हवे तिकडं हलवता येणारे मोठे दिवे उभे केले. सहा महिन्यांनी हिशेब काढला तर त्या ठिकाणी रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झालेले होते. इंग्लंडमध्ये डडली आणि स्टोक-ऑन-ट्रेंट या गावांत नव्वदच्या दशकात जुने दिवे बदलून चांगले बसवले, तिथंही गुन्हे घटले, शिवाय रात्री रस्त्यावर पायी चालणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, वर्दळ वाढली.

पण या अभ्यासांमध्ये एक चमत्कारिक वाटावी अशी गोष्ट वारंवार दिसली. दिवे सुधारल्यावर रात्रीचे गुन्हे कमी झाले, तसे दिवसाचेही झाले. दिवसा तर दिवा बंद असतो! मग फरक कशानं पडला? संशोधकांचं म्हणणं असं, की आपल्या गल्लीकडं कोणीतरी लक्ष देतंय ही भावना आली की माणसं गल्लीत जास्त वावरतात, ओट्यावर बसतात, एकमेकांना ओळखू लागतात, खटकलेलं बोलून दाखवतात. मला हे फार खरं वाटतं. आमच्या मागच्या गल्लीतले दिवे नीट झाले त्या उन्हाळ्यात तिथं बॅडमिंटनचं जाळं लागलं. ज्या गल्लीतून बायका मान खाली घालून भराभरा जायच्या, तिथं आज्जीमंडळी जेवणानंतर खुर्च्या टाकून बसायला लागली. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. कुठला पोरगा कुठल्या बाइकवर कोणाकडं आला, हे त्यांना तोंडपाठ असतं. तरण्या पोरींना त्याचा जाच होतो हेही मी जाणते, त्यांनी मला तसं सांगितलंय. नजर राखणीची आहे की पाळतीची, याची रेघ बारीक असते.

दिवा लावला की काम फत्ते, असंही नाही. शिकागोमध्ये १९९८ ते २००० च्या सुमारास घरांमागच्या बोळांतले दिवे ९० वॅटचे काढून २५० वॅटचे लावले. पोलिसांकडं नोंदले गेलेले गुन्हे कमी व्हायच्या ऐवजी २१ टक्क्यांनी वाढले. जास्त दिसायला लागलं म्हणून जास्त तक्रारी आल्या, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. उलट इंग्लंड-वेल्समध्ये बऱ्याच पालिकांनी वीज वाचवायला मध्यरात्रीनंतर दिवे बंद किंवा मंद केले. ६२ पालिकांच्या आकडेवारीवरचा अभ्यास २०१५ साली आला, त्यात गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. टेम्स व्हॅली भागातल्या एका पुढच्या अभ्यासात तर अंधार केलेल्या रस्त्यांवर गाड्यांमधून होणाऱ्या चोऱ्या कमी झालेल्या दिसल्या, कारण चोरालाही गाडीच्या आत काय आहे ते बघायला उजेड लागतो. मध्यरात्रीनंतर ज्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तिथं दिवा लावून बघणार कोण? तिथं त्याचा उपयोग फक्त आलेल्या चोराला.

आपल्याकडं हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथली गल्ली वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडं दिवा लागलेला आहे आणि तरी रस्ता अंधारा आहे, असं सर्रास असतं. दिव्यासमोर गुलमोहराची किंवा वडाची फांदी वाढलेली असते. फांदी एका खात्याची आणि दिवा दुसऱ्या खात्याचा. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, ते खांबाखाली इतके लख्ख पडतात की दोन खांबांमधला पट्टा आधीपेक्षा काळा वाटतो. झगमगाटातून बाहेर आलं की काही पावलं डोळ्यांना काहीच दिसत नाही. बाईमाणसाला रस्त्यावर हवा असतो तो सारखा, मध्यम उजेड. समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-पंधरा पावलांवरून ओळखता यावा, त्याचे हात दिसावेत, आणि वाट बदलायला वेळ मिळावा. दिव्यांची पाहणी करणाऱ्यांनी हा एवढा एक निकष धरला, संध्याकाळी गाडीतून उतरून पायी फिरले, तरी पुष्कळ सुधारेल. दिल्लीत २०१३ पासून ‘सेफ्टीपिन’ या ॲपच्या मदतीनं अशी पाहणी झाली. किती उजेड आहे याच्याबरोबर आजूबाजूला माणसं किती आहेत, त्यात बायका किती, रस्त्याकडं उघडणारी दारं-खिडक्या किती, पायी चालायला जागा आहे का, हेही त्यात मोजतात. त्या नोंदी घेऊन तिथल्या यंत्रणांनी हजारो अंधाऱ्या जागी दिव्यांचं काम केलं.

खेड्यांत तर प्रश्न त्याच्याही अलीकडचा आहे. २०२१ साली ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची बिलं थकली म्हणून महावितरणनं ठिकठिकाणच्या जोडण्या तोडल्या. गावंच्या गावं अंधारात गेली. बिल कोणी भरायचं यावर सरपंच आणि सरकार यांची ओढाताण चालली, शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरायचं ठरलं. ज्या जिल्ह्यांत बिबट्या उसातून अंगणात येतो, जिथं बायका पहाटे अंधारात बाहेर पडतात, तिथं पथदिवा थकबाकीच्या यादीतला एक आकडा झाला. शहरात कोट्यवधींचे कॅमेरे आणि तालुक्याच्या गावात बिलापायी विझलेला बल्ब, ही दोन्ही चित्रं एकाच राज्यातली आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

बोपदेव घाटाचं प्रकरण आठवतं. ३ ऑक्टोबर २०२४ ची रात्र. मित्राबरोबर घाटात गेलेल्या एका तरुणीवर तिघांनी अत्याचार केला. तिथं ना दिवा, ना कॅमेरा, ना माणूस. पोलिसांनी साठेक पथकं लावली, आसपासच्या रस्त्यांवरचं मैलोन् मैल चित्रण तपासलं, तरी पहिली अटक व्हायला आठवडा गेला, कारण आरोपींनी जाता-येता कॅमेऱ्यांचे रस्ते टाळले होते. त्यानंतर पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि घाटांवर कॅमेरे, प्रखर दिवे, सायरन बसवायची योजना पुढं आली. सायरन आणि मदतीचं बटण मला पटतं. टेकडीभर झोत सोडणं पटत नाही. टेकडीवर रात्री घुबडं, रातवे, वटवाघळं यांचं राज्य असतं, त्यांचं जगणं उजेडानं उद्ध्वस्त होतं. आणि निर्मनुष्य जागेवर कितीही प्रकाश पाडला तरी ती निर्मनुष्यच राहते. घाटाच्या तोंडाशी एक चौकी, रात्री तासातासाला फिरणारी गस्तीची मोटारसायकल, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद, याला खर्च कमी लागत नाही, कारण माणसांना पगार द्यावे लागतात, दरवर्षी, दरमहा. खांब एकदाच उभा करायचा असतो आणि त्याचा फोटोही छापता येतो. मला वाटतं, सगळी गोम इथंच आहे.

बघणारं माणूस जागेवर असलं की काय होऊ शकतं, याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण विष्णू झेंडे यांचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात दहशतवादी गोळीबार करत होते. कॅमेरे ते टिपत होते, आणि पुढं खटल्यात ते चित्रण पुरावा म्हणून कामी आलं. पण त्याच वेळी उपनगरी गाड्यांची उद्घोषणा करणारे झेंडे आपल्या काचेच्या केबिनमधून खाली बघत होते. रोजच्या सरावानं त्यांना ठाऊक होतं की कुठली लोकल कुठं येऊन थांबणार आहे, त्यातून किती माणसं उतरतील आणि ती कुठल्या वाटेनं बाहेर पडतील. त्यांनी माइकवरून प्रवाशांना वारंवार सांगितलं की या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूनं बाहेर पडा. किती जीव वाचले याची मोजदाद कधीच होणार नाही. केबिनवर गोळ्या झाडल्या गेल्या तरी ते जागेवर होते. त्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा उभी राहायला २०१६ उजाडलं, सुमारे ४,७०० कॅमेरे बसले. गुन्हे उलगडायला आणि वाहतुकीला त्यांचा उपयोग होतोय, चांगलंच आहे. पण एखाद्या स्थानकावरचा उद्घोषक, एखाद्या डेपोतला रात्रपाळीचा कंट्रोलर, जिन्याखालचा बूटपॉलिशवाला ही आपली पहिली सुरक्षा यंत्रणा आहे, असं कुठल्याही निविदेत लिहिलेलं नसतं.

अशा माणसांना आपण रस्त्यावरून हटवतच चाललोय. आमच्या बसथांब्यासमोर अंडाभुर्जीची गाडी लागायची. भुर्जीवाले दादा, त्यांची बायको, त्यांचा एलईडी बल्ब, तव्यावरचा खणखणाट आणि भोवती चार-सहा गिऱ्हाइकं. शेवटच्या बसनं उतरणाऱ्या नर्स, मॉलमधल्या मुली, कॉल सेंटरवाल्या, सगळ्यांना त्या गाडीचा आधार होता. रिक्षा मिळेपर्यंत तिथं उभं राहायचं. एकदा दोन पोरं एका मुलीच्या मागं येत होती, तिनं त्या दादांना नुसतं “काका, एक हाफफ्राय” म्हटलं आणि पोरं निघून गेली. पुढं गाडी साडेदहालाच बंद करायला लावू लागले. गर्दी होते, भांडणं होतात, हे कारण. मग गाडीच गेली. आता तिथं एक उंच खांब आहे, त्यावर तीन दिशांना तीन कॅमेरे आहेत, आणि शेवटच्या बसमधून उतरलेल्या मुली थांबत नाहीत, फोन कानाला लावून जवळजवळ धावत सुटतात. राज्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं मुभा दिलेली आहे. रात्रीच्या गाड्यांनाही नीट जागा, वेळ आणि परवाना देऊन तसंच जगू द्यायला काय हरकत आहे?

माणसांच्या नजरेवर मी एवढा भरवसा ठेवतेय, त्याची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, रविवारचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आलीये अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. गावानं त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. भर दिवसा. तिथं उजेड होता, माणसं होती, बघणारे शेकडो डोळे होते, मोबाइलचे कॅमेरेसुद्धा होते. नसलं ते एकच, “थांबा, आधी पोलिसांना बोलवू” असं म्हणून आडवं पडणारं आणि ज्याचं गाव ऐकेल असं माणूस. पुणे आणि नाशिक जिल्ह्यांत बऱ्याच गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा घेतलीये. संकट आलं की एका फोनवर गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो. चोरी, आग, बिबट्या, अशा वेळी त्याचा चांगला अनुभव आहे. पण अशी यंत्रणा हाताशी असलेल्या गावाला राईनपाडा सांगायलाच हवा, आणि निरोप गेला की सगळ्यांत आधी पोलीस पाटील नाहीतर बीट हवालदार तिथं पोचला पाहिजे, हा नियमही हवा.

कॅमेऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट मी ठामपणे मांडेन. जिथं अधिकार एका बाजूला आणि असहाय माणूस दुसऱ्या बाजूला असतो, त्या बंद खोलीत कॅमेरा हवाच. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, ये-जा करायच्या वाटांवर कॅमेरे बसवायला सांगितलं आणि चित्रण अठरा महिने जपून ठेवायला सांगितलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांइतक्या उत्साहानं त्यांची उद्घाटनं झालेली मला दिसली नाहीत. त्यातले कित्येक बंद असतात म्हणून न्यायालयाला २०२५ मध्ये पुन्हा लक्ष घालावं लागलं.

आणि घराच्या आत कुठलाच खांब पोचत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतला असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन देणारा, कामावरचा साहेब. त्या बाईला उपयोगी पडेल ती ठाण्यातली तक्रार लिहून घेणारी महिला पोलीस, तिचं बोलणं खरं मानणारी बहीण, आणि रात्री दार उघडून आत घेणारी शेजारीण. यासाठीच्या पैशाचा विचार सुरक्षेच्या बजेटमध्ये कधी होतो का? निर्भया निधी २०१३ साली याच हेतूनं सुरू झाला होता.

आमच्या सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. आणखी आठ कॅमेऱ्यांचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आलाय. मी लेखी सूचना दिलीये. आधी असलेल्या कॅमेऱ्यांची भिंगं दर आठवड्याला पुसायची, घड्याळ लावायचं आणि चित्रण निदान महिनाभर राहील एवढी हार्डडिस्क घ्यायची. फाटकापासून बसथांब्यापर्यंतच्या दिव्यांची तक्रार सगळ्या सोसायट्यांनी मिळून एकत्र द्यायची, फांद्यांसकट. वॉचमनकाकांना बाहेर बसायला पंखा आणि जाळी लावलेली टपरी करून द्यायची, त्यांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणायची, म्हणजे रात्री तीन वाजता ते जागे राहू शकतील. त्यासाठी तिसरा माणूस ठेवावा लागेल आणि दर घरामागं मेंटेनन्स वाढेल. तो वाढवावा असं मी सुचवलंय. भुर्जीवाल्या दादांचा नंबर अजून माझ्याकडं आहे, आमच्या फाटकाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांना रीतसर परवाना मिळावा म्हणून सोसायटीनं पत्र द्यावं, हा माझा शेवटचा मुद्दा आहे. त्यावर बरीच चर्चा होईल असं दिसतंय. पाठिंब्याच्या सह्या गोळा करायला मी आजपासून सुरुवात केलीये.